आणेवारीपासून टी-टेस्टपर्यंत : जीवशास्त्राच्या वर्गातलं संख्याशास्त्र



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाचे मास्तर संख्याशास्त्रावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी खुलासा. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं. नोकरीच्या उत्तरार्धात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांना 'संशोधन पद्धती' नावाचा पेपर आला. त्यातला मोठा हिस्सा संख्याशास्त्राचा. गणितवाले म्हणाले, आमच्याकडे तास शिल्लक नाहीत. जीवशास्त्रवाले म्हणाले, हे तर गणित आहे. मग सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. "तुमच्या तर्कशास्त्रात अनुमान असतंच ना? मग घ्या की!" अशा रीतीने हे काम आमच्या गळ्यात पडलं.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, गणित जमलं असतं तर आमी बायोलॉजी कायले घेतली असती?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्या मुलाची समजूत अशी, की संख्याशास्त्र हा गणितवाल्यांचा विषय आहे आणि तो जीवशास्त्राच्या घरात पाहुणा म्हणून घुसला आहे. इतिहास बघितला तर गोष्ट जवळपास उलटी निघते. हे शास्त्र वाढलं ते शेतात, पिकांच्या ओळींमध्ये. आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या वऱ्हाडात, कापसाच्या शेतात लिहिला गेला. आज तो अध्याय आपण उघडू.

सुरुवात करू आणेवारीपासून. आपण अजूनही 'सोळा आणे खरं' म्हणतो. जुन्या काळी पिकाचा अंदाजही आण्यांतच व्हायचा. गावचा पाटील, पटवारी शेताच्या बांधावर उभा राहायचा, पिकाकडे बघायचा आणि सांगायचा, यंदा आठ आणे पीक आहे. मग सरकारी हिशेब असा : पेरलेलं क्षेत्र, गुणिले 'सर्वसाधारण' उत्पन्न, गुणिले आण्यांचं प्रमाण. झालं जिल्ह्याचं उत्पादन तयार. आता यात क्षेत्राचा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा, कारण जमिनीची मोजणी झालेली होती. पण बाकीचे दोन? 'सर्वसाधारण' उत्पन्न म्हणजे कोणत्या वर्षाचं, कोणी ठरवलेलं? शिवाय कुठे सोळा आणे म्हणजे सर्वसाधारण पीक धरत, तर कुठे बारा आणे. आणि डोळ्यांनी केलेला अंदाज तर सगळ्यात नाजूक. अंदाज कमी लागला तर गावाला शेतसाऱ्यात सवलत मिळण्याची आशा. मग अंदाज देणाऱ्याचा डोळा कुणीकडे झुकेल? यात पटवारी खोटारडा होता असं मुळीच नाही. डोळा स्वतःच्या नकळत झुकतो. आज आण्याच्या जागी पैसा आला, आपण 'पैसेवारी' म्हणतो, आणि ती पन्नास पैशांच्या वर की खाली यावर दुष्काळाच्या सवलती ठरत असत. दरवर्षी वर्तमानपत्रात आपल्या जिल्ह्याची पैसेवारी जाहीर झाली की गावोगाव चर्चा होते ती उगीच नव्हे.

बरं, या आकड्यांची गरज फक्त सारा वसूल करणाऱ्यांना होती असंही नाही. खामगावची कापसाची बाजारपेठ आठवा. जलंबपासून खामगावपर्यंतचा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला तो कापसासाठीच. वऱ्हाडात यंदा किती कापूस येणार, हे मँचेस्टरच्या गिरणीमालकाला आणि मुंबईच्या दलालाला आधी कळायला हवं होतं. म्हणजे बघा, आमच्या काळ्या जमिनीतल्या बोंडांचा अंदाज हा साता समुद्रापलीकडच्या भावाचा प्रश्न होता. आणि तो अंदाज उभा होता कशावर? बांधावरून टाकलेल्या एका नजरेवर.

आता आपण थोडं बाहेर जाऊन येऊ. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे, १८४३ पासूनचं. तिथे गव्हाच्या शेतांच्या नोंदी वर्षानुवर्षं साठत होत्या, पण त्यांतून नेमकं काय निष्पन्न होतं हे कोणाला सांगता येत नव्हतं. १९१९ साली तिथे रोनाल्ड फिशर नावाचा तरुण रुजू झाला. गणिती खराच, पण मनाने जीवशास्त्रज्ञ. आनुवंशिकतेवरचं त्याचं कामही तितकंच मोठं आहे. त्याच्या आधी, १९०८ मध्ये, गिनेस या बिअरच्या कारखान्यातल्या गॉसेट नावाच्या माणसाने 'स्टुडंट' या टोपणनावाने एक निबंध लिहिला होता. त्याची अडचण साधी होती. कारखान्यात बार्लीचे नमुने चार-सहाच मिळतात, एवढ्या थोड्या आकड्यांवरून कितपत बोलायचं? आमची पोरं ज्याला टी-टेस्ट म्हणतात ती या अडचणीतून जन्मली. म्हणजे टी-टेस्टचा उगम बार्लीत आहे, फळ्यावर नाही. हे आम्ही वर्गात सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मागचा बाक पुढे सरकून बसला.

फिशरने १९२५ साली संशोधकांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धतींचं पुस्तक लिहिलं आणि १९३५ मध्ये प्रयोगांच्या आखणीवरचं. त्यातला गाभा तीन गोष्टींत सांगता येतो. एक, प्रयोग पुन्हा पुन्हा करा, कारण एकच वाफा काहीच सिद्ध करत नाही. दोन, जमिनीतले चढउतार ओळखून सारख्या तुकड्यांचे गट पाडा. आणि तीन, कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे तुम्ही ठरवू नका, चिठ्ठी टाका. ही तिसरी गोष्ट लोकांना सगळ्यात विचित्र वाटली. शास्त्रज्ञाने निवड नशिबावर सोडायची? हो, सोडायची. कारण शास्त्रज्ञालाही डोळा असतो आणि तोही झुकतो. रोथॅमस्टेडलाच याची तपासणी झाली होती. अनुभवी निरीक्षकांना शेतातली गव्हाची ताटं 'सहज' निवडून मोजायला सांगितली. निघालेली सरासरी खऱ्या सरासरीपासून ढळलेली होती, आणि प्रत्येकाचं ढळणं आपापल्या तऱ्हेचं होतं. 'सहज' निवडणं ही गोष्ट माणसाला जमतच नाही, असा त्याचा अर्थ.

आमच्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. नमुन्याचं सगळं तत्त्व या म्हणीत आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगायचो. पण तिच्यात एक अट लपली आहे. भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो, म्हणून एक शीत पुरतं. शेत असं नसतं. वरच्या अंगाला मुरमाड, खाली नाल्याकाठी काळीभोर. एकच शीत घेतलं तर ते कुठलं घेतलं यावर सारा निकाल. तेव्हा शितं जास्त घ्यावी लागतात आणि कुठून घ्यायची हे आपल्या हातात ठेवता येत नाही.

भारतात ही गोष्ट फार लवकर एका मुलकी अधिकाऱ्याच्या ध्यानात आली. जॉन हबॅक त्याचं नाव. १९२०च्या दशकात त्याने बिहार-ओरिसात भाताच्या शेतांतून चिठ्ठ्यांच्या पद्धतीने छोटे तुकडे निवडून कापणी केली. पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या पिकावर मोठ्या प्रमाणावर असं काम केलं. १९३१ साली त्यांनी कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्था काढली. त्यांचा जन्मदिवस २९ जून, तो २००७ पासून आपण सांख्यिकी दिन म्हणून पाळतो.

आणि आता वऱ्हाड. दोन मराठी नावं लक्षात ठेवा : विनायक गोविंद पानसे आणि आर. जे. कळमकर. पानसे इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. ही संस्था १९२४ साली कापसाच्या संशोधनासाठी उभी राहिली, कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' इथलीच. कळमकर मध्य प्रांत-वऱ्हाडच्या शेतीखात्यातले, रोथॅमस्टेडला काम करून आलेले. १९४०च्या दशकाच्या पूर्वार्धात या मंडळींनी कापसाच्या उत्पादनाचा अंदाज नमुना कापणीने काढण्याचे प्रयोग वऱ्हाडात, शेजारच्या अकोला जिल्ह्यात, केले आणि मग त्यांची व्याप्ती वाढवली.

यातली अडचण शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळते. गहू एका दिवसात कापून होतो. कापूस 'कापत' नाहीत, वेचतात. आणि वेचणी एक नसते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पहिली, मग दुसरी, तिसरी, पार थंडी संपेपर्यंत. म्हणजे आज नेमलेल्या चौकोनावर माणसाने पुन्हा पुन्हा जायचं, प्रत्येक वेचणीचं वजन घ्यायचं आणि शेवटी बेरीज करायची. मधल्या काळात त्या चौकोनातली बोंडं दुसऱ्या कोणी वेचली तर सगळं फुकट. ही शिस्त गावपातळीच्या माणसांना शिकवायची होती. रोथॅमस्टेडच्या प्रशिक्षित निरीक्षकांना नव्हे, तर ज्यांच्या खांद्यावर वसुलीचं, पंचनाम्याचं, सगळंच ओझं आहे अशा माणसांना. तेव्हा पद्धत अशी असायला हवी, की अर्ध्या दिवसात समजेल आणि डोळ्याला कुठे वाव राहणार नाही.

ती पद्धत आजही ढोबळमानाने तीच आहे. आधी गावं चिठ्ठीने. मग गावातले गट नंबर चिठ्ठीने. मग शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, इतकी पावलं लांबीच्या बाजूने, इतकी रुंदीच्या बाजूने. जिथे पाय थांबेल तिथे खुंटी ठोकायची. तिथे पीक चांगलं असो की वाईट, चौकोन तिथेच आखायचा. 'इथं मधे खड्डा हाय, थोडं पलीकडे घ्या' असं कोणी म्हटलं तरी नाही. खड्डा हाही शेताचाच भाग आहे.

या कामाला देशभर बांधणारा माणूस म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमधून गणित घेऊन बाहेर पडले, लंडनला जाऊन १९३६ साली डॉक्टरेट मिळवली, आणि १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे १९५९ मध्ये या विभागातून स्वतंत्र संस्था झाली. सुखात्मे मात्र त्याआधीच रोमला, जागतिक अन्न व कृषी संघटनेत, संख्याशास्त्राचे प्रमुख म्हणून गेले होते, आणि दिल्लीतलं काम पानशांनी पुढे नेलं.

त्या काळातला एक वाद वर्गात सांगण्यासारखा आहे. महालनोबिस यांचा कल छोट्या तुकड्यांकडे होता. काही फूट त्रिज्येचं वर्तुळ टाका, खर्च कमी, वेळ कमी, आणि तुकडे जास्त घेता येतात. सुखात्म्यांनी १९४६ साली 'नेचर'मध्ये लिहून दाखवलं, की अगदी छोटा तुकडा घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का? कारण कडेला. वर्तुळाच्या रेषेवर एखादं रोप अर्धं आत, अर्धं बाहेर असतं. कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा मोठा असेल तर कडेची दहा-वीस रोपं एकूणात विरघळून जातात. तुकडा छोटा असेल तर सगळं पीकच कडेचं. महालनोबिस यांनी उत्तर दिलं, की माणसं नीट तयार केली तर हा दोष राहत नाही. दोघेही थोर, दोघांचंही म्हणणं विचार करण्याजोगं. पण आमच्या विद्यार्थ्यांसाठी यातला धडा असा : नमुने हजार घेतले म्हणून झुकलेला हात सरळ होत नाही. संख्या वाढवल्याने डळमळ कमी होते, झुकाव नाही. हा फरक समजला की अर्धं संख्याशास्त्र समजलं.

१९५४ साली पानसे आणि सुखात्मे यांचं पुस्तक आलं, शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारं. कृषी संशोधन परिषदेने काढलेलं. शीर्षकावर फिशरच्या पुस्तकाची छाया उघड दिसते. पण फिशर 'संशोधकां'शी बोलत होता, हे दोघे 'कामकऱ्यां'शी. उदाहरणं आपल्या पिकांची. पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांची संदर्भसूची उघडा, अकोल्याचं विद्यापीठ घ्या नाहीतर आणखी कुठलं, 'पानसे आणि सुखात्मे' हे जोडनाव बहुधा भेटतंच. दोन मराठी माणसांची नावं भारतभरच्या प्रबंधांत इतक्या वेळा छापली जातात, आणि आमच्या वर्गातल्या पोरांना ही माणसं होती की गाव आहेत हेही माहीत नव्हतं!

आता आमची कबुली. हे सगळं आम्हाला सुरुवातीला माहीत नव्हतं. आम्ही पहिली दोन-तीन वर्षं शिकवलं ते इतरांसारखंच. फळ्यावर सरासरीचं सूत्र, मग प्रमाण विचलनाचं, मग टी-टेस्टचं. गणितं सोडवायची, तक्त्यातला आकडा बघायचा, मोठा आला तर 'सिग्निफिकंट', छोटा आला तर 'नॉन-सिग्निफिकंट'. पुढे संगणक आला, तेव्हा तक्ताही गेला. पडद्यावर पी-व्हॅल्यू दिसते, शून्य पूर्णांक शून्य पाचपेक्षा कमी असली की पोरं टाळी देतात. हा शून्य पूर्णांक शून्य पाच, म्हणजे विसात एक, फिशरने सोयीचा म्हणून सुचवला होता. सोयीची रेघ होती, तिची लक्ष्मणरेषा झाली. २०१६ साली अमेरिकेच्या सांख्यिकी संघटनेला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं, की नुसत्या या रेघेवर शास्त्रीय निष्कर्ष काढू नका.

त्या काळात एका विद्यार्थिनीने लोणार सरोवरावर प्रकल्प केला. लोणार म्हणजे आमच्या जिल्ह्याचं वैभव, खारं, अल्कधर्मी पाणी, जगात अशी जागा विरळा. तिने तीन ठिकाणांहून तीन बाटल्या पाणी आणलं. प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीतून दहा-दहा वेळा मोजणी केली. तीस आकडे झाले. तिसातून टी-टेस्ट केली, फरक 'सिग्निफिकंट' निघाला. आम्ही शाबासकी दिली, वर सांगितलं, बघा, नमुना तिसाचा आहे, भरघोस आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एका वयस्क प्राध्यापकांनी तिला एवढंच विचारलं, "बाई, तू सरोवरावर किती वेळा वाकलीस?" ती म्हणाली, तीन वेळा. "मग तुझा नमुना तीनाचा. तीस वेळा तू बाटलीत वाकलीस."

त्या मुलीचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही. चूक तिची नव्हती, आमची होती. आम्ही तिला सूत्र दिलं होतं, सूत्रातला 'एन' म्हणजे काय हे दिलं नव्हतं. एकाच बाटलीतले दहा आकडे मोजणीचं यंत्र किती स्थिर आहे हे सांगतात. सरोवर किती बदलतं हे ते सांगूच शकत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, सगळा देश बघायला लागला, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने तो रंग खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचं सांगितलं, तेव्हा आम्हाला ती मुलगी आठवली. सरोवर महिन्यागणिक, काठागणिक, खोलीगणिक बदलतं. बाटली बदलत नाही.

त्यानंतर आम्ही शिकवण्याची पद्धत मोडली आणि नव्याने मांडली. त्यासाठी आधार मिळाला तो आमच्याच विषयातून, न्यायशास्त्रातून. नैयायिकांचं जुनं उदाहरण आहे. मित्रा नावाच्या बाईचे आतापर्यंत पाहिलेले सगळे मुलगे सावळे आहेत, म्हणून जो मुलगा पाहिला नाही तोही सावळाच असणार. हे अनुमान बरोबर का? नैयायिक म्हणतात, थांबा. यात 'उपाधी' असू शकते. सावळेपणाचं कारण मित्रेचा मुलगा असणं नसेलच, गरोदरपणी तिने पालेभाज्यांचा आहार घेतला हे असेल. या खेपेला आहार वेगळा असेल तर? आता पालेभाजीने रंग ठरत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण विचाराची चौकट बघा. थोडे नमुने, सगळे एकाच घरातले, आणि मागे दडलेलं तिसरं कारण. आजचा संशोधक ज्या दोषाला घाबरतो तोच हा. धूर आणि अग्नीचंही तसंच. धूर दिसला तर अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. मध्ये ओलं सरपण ही उपाधी आहे. पोरांना 'कन्फाउंडिंग' पाठ होत नव्हतं. ओलं सरपण एका तासात कळलं, कारण घरची चूल पाहिलेली होती.

मग वर्गात सूत्र शेवटी आणायचं असा नियम केला. पहिला तास शेतात. कापसाच्या एका ओळीतली बोंडं. आधी सगळ्यांनी 'सहज' दहा बोंडं तोडून आणायची. मग चिठ्ठ्या टाकून दहा. दोन्ही ढीग तराजूत. जवळपास दरवर्षी 'सहज' तोडलेल्यांचं वजन जास्त भरायचं. हात टपोऱ्या बोंडाकडेच जातो, कापूसवाल्याच्या घरचा हात तर हमखास. रोथॅमस्टेडची तपासणी अशी आमच्या धुऱ्यावर पुन्हा व्हायची. नंतर प्रत्येकाच्या दहा बोंडांची सरासरी फळ्यावर लिहायची. चाळीस मुलं, चाळीस वेगळ्या सरासऱ्या. "सर, खरी कोन्ती?" या प्रश्नाची आम्ही वाट बघायचो. तो प्रश्न आला, की प्रमाण त्रुटी शिकवायची. त्याआधी नाही.

सरासरीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला. माणशी रोज सुमारे २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च जे करू शकत नाहीत ते गरीब, असा त्याचा पाया. सुखात्मे तेव्हा रोमहून परतून पुण्यात होते. त्यांचा आक्षेप असा, की गरजेची सरासरी ही एकेका माणसावर लावायची रेघ नव्हे. माणसामाणसाची गरज वेगळी, आणि एकाच माणसाची गरजही दिवसादिवसाला बदलते. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरला तर धडधाकट माणसंही उपाशांत मोजली जातील. दांडेकरांचं उलट म्हणणं, की रेघ खाली ओढली तर खरे उपाशी नजरेआड होतील. १९८०च्या दशकात या दोघांत कडाक्याचा वाद झाला. तो कोणी जिंकला हे आम्ही सांगत नाही. पण बघा, दोन मराठी विद्वान, वाद प्रमाण विचलनाचा, आणि पणाला काय? देशात भुकेले किती, या प्रश्नाचं उत्तर. ज्या विद्यार्थ्याला 'विचलन' म्हणजे फक्त सूत्रातलं वर्गमूळ वाटतं, त्याला हा वाद सांगावा.

शेवटचा मुद्दा पुन्हा आपल्या जिल्ह्यात. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. पिकाच्या उत्पन्नावर मिळणारी भरपाई एकेकाच्या शेतावरून ठरत नाही, महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरते. आणि त्या सरासरीचा एक मोठा आधार म्हणजे पीक कापणी प्रयोग, म्हणजे पानसे-सुखात्म्यांचाच वारसा. मंडळाचं उत्पन्न ठरलेल्या उंबरठा उत्पन्नापेक्षा जितकं कमी, तितक्या प्रमाणात भरपाई.

आता हिशेब करू, कल्पित आकड्यांवर. समजा एका मंडळात सोयाबीनचे दहा प्रयोग झाले. सरासरी आली हेक्टरी १२ क्विंटल. शेताशेतातलं प्रमाण विचलन ४ क्विंटल. मग सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणजे ४ भागिले दहाचं वर्गमूळ, साधारण सव्वा. दुप्पट केली तर अडीच. म्हणजे खरी सरासरी साडेनऊपासून साडेचौदापर्यंत कुठेही असू शकते. उंबरठा जर ११ असेल, तर भरपाई मिळणं आणि न मिळणं या दोन्ही शक्यता त्या पट्ट्यातच आहेत. आमच्या वर्गात हे गणित फळ्यावर पूर्ण झालं तेव्हा कोणी टाचणी टाकली असती तरी ऐकू आली असती. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी सातबारा होता. "म्हंजे सर, प्रयोग वाढवले तर?" वाढवले तर त्रुटी कमी होईल. पण चौपट केले तरच निम्मी होईल, आणि चौकोन कोणी स्वतःच्या सोयीने सरकवला तर कितीही वाढवले तरी उपयोग नाही. जो मुलगा म्हणाला होता 'बायोलॉजी कायले घेतली असती', त्याच्यासारख्यांना हे गणित समजावून सांगावं लागलं नाही.

लोणारवाली ती विद्यार्थिनी पुढे कृषी खात्यात लागली. काही वर्षांपूर्वी भेटली तेव्हा तिने एक प्रसंग सांगितला. पीक कापणीचा दिवस, शेतात दहा-पंधरा माणसं जमलेली. गावातले काही म्हणत होते, खालच्या अंगाला चौकोन घ्या, तिथे पीक बसलं आहे. विमा कंपनीकडून आलेला माणूस म्हणत होता, बांधाजवळ नको, मधे घ्या. तिने नैऋत्य कोपऱ्यावरून पावलं मोजली आणि खुंटी ठोकली. कोणालाच ती जागा पसंत नव्हती. ती आम्हाला म्हणाली, "सर, दोघंही नाराज झाले तेव्हा मला वाटलं, की आज मी एकदाच वाकले, पण बरोबर जागी वाकले."

त्या शेतकऱ्याला त्या वर्षी भरपाई मिळाली का, हे आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, नाही मिळाली, सर. मंडळाची सरासरी थोडक्यात वर राहिली. मग आम्ही दोघेही काही वेळ गप्प होतो. यादृच्छिक निवड न्याय देईलच, अशी हमी संख्याशास्त्र देत नाही. ती एवढीच हमी देते, की निकाल कोणाच्या डोळ्याने, कोणाच्या हाताने किंवा कोणाच्या वजनाने झुकवलेला नाही. दहा प्रयोग पुरेसे आहेत का, मंडळ हे एकक योग्य आहे का, हे प्रश्न उरतातच, आणि ते विचारले गेले पाहिजेत. पण ते विचारायला समोरच्याला त्रुटी म्हणजे काय हे माहीत हवं. बांधावर उभ्या असलेल्या दहा-पंधरा माणसांत असं एखादं तरी माणूस हवं, आणि ते जीवशास्त्र शिकलेलंच असण्याचा संभव जास्त, कारण आमच्या भागातल्या पोरापोरींना शेती आणि जीवशास्त्र या वाटा जवळच्या आहेत.

म्हणून आमची शिक्षकांना विनंती आहे, की संख्याशास्त्राचा पहिला तास वर्गात घेऊ नका. बांधावर घ्या, सरोवराच्या काठावर घ्या, दवाखान्याच्या नोंदवहीशेजारी घ्या. सूत्र आपोआप मागून येईल. आणि विद्यार्थ्यांना विनंती अशी, की कोणी आकडा पुढे केला, मग तो पेपरात असो की पुढाऱ्याच्या भाषणात, तर त्या म्हाताऱ्या परीक्षकांचा प्रश्न विचारा : किती वेळा वाकलात, आणि कुठे?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.